बसल्या जागी अंग का दुखतं?

"दिवसभर पंख्याखाली बसून तर राहतोस, मग पाठ कायले दुखते? रोवणीले गेला होतास का?"

संगणकावर काम करणाऱ्या माणसाला चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो. असं काम करणारे आता थोडेथोडके नाहीत. ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक आहे, सेतू केंद्रात दाखले काढून देणारी मुलगी आहे. ताडोबाच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले हजारो फोटो पट्ट्यांवरून वाघ ओळखत वेगळे करणारा वन कर्मचारी आहे. ऊर्जानगरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्रात पाळीनं पडद्यांवर नजर ठेवणारे आहेत, गोंडवाना विद्यापीठात प्रबंध टंकणारे विद्यार्थी आहेत. यांपैकी कुणीही ओझं उचलत नाही, तरी संध्याकाळी मान आखडते, डोळे चुरचुरतात, कंबर धरते.

घरच्यांचा प्रश्न टोमण्याच्या सुरात असला तरी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना आपण आधी शरीरात काय होतं ते पाहू, मग टेबल-खुर्ची मोजू, आणि शेवटी घड्याळाकडे येऊ. घड्याळाचा मुद्दा शेवटी येत असला, तरी सगळ्यांत मोठा तोच आहे.

१. रोवणीची पाठ आणि संगणकाची पाठ

आषाढ-श्रावणात धानाच्या बांधीत बाया घोटाभर चिखलात वाकून, मागे मागे सरकत परे रोवतात. तासन् तास कंबर वाकलेली असते. तिथल्या दुखण्याचं कारण डोळ्यांना दिसतं. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावांतल्या कंबरदुखी-गुडघेदुखीचा अभ्यास केला. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांचं स्पाइन फाउंडेशनही या कामात सोबत आलं. पाठदुखी हा शहरी, आरामात राहणाऱ्यांचा आजार आहे ही समजूत त्यामुळे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यांत शेतकरीही आले आणि कारकूनही.

खुर्चीतल्या माणसाचं दुखणं मात्र दिसत नाही. स्नायू आकसतो तेव्हा त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तो सैल पडला की रक्त पुन्हा आत येतं. चालताना हे आकसणं-सैलावणं आपोआप होत राहतं. खुर्चीत बसून पडद्याकडे बघताना मानेचे आणि खांद्यांचे स्नायू डोकं सावरण्यासाठी थोडेसे आकसलेले असतात, पण तसेच तासभर राहतात. जोर कमी असला तरी सुटी नसते. रक्तपुरवठा अपुरा पडतो, थकवा साचतो आणि ठणक सुरू होते.

दोन मणक्यांमधल्या चकतीचंही असंच आहे. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आतल्या भागाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपत येतं. दाब पडला की द्रव बाहेर जातो, दाब हटला की आत येतो. एकाच स्थितीत बसून राहिलं की ही ये-जा मंदावते.

हे निरीक्षण संगणकाच्या फार आधीचं आहे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं कामगारांच्या आजारांवर १७०० साली ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यानं लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं दिली : सतत बसणं, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. दाखल्यावर नाव चुकलं तर पुन्हा अर्ज भरावा लागेल या धाकात टंकणाऱ्या परिचालकाला ही तिन्ही कारणं आजही लागू आहेत.

थोडक्यात, बांधीतली बाई आणि खुर्चीतला मुलगा यांचं काम वेगळं असलं तरी एक कारण दोघांनाही लागू आहे : एकाच स्थितीत फार वेळ राहणं.

२. 'ताठ बस' हा सल्ला अर्धाच बरोबर

उभं असताना कमरेला आतल्या बाजूनं नैसर्गिक बाक असतो. बसलं की ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि तो बाक सपाट होतो. पुढे वाकून बसलं की चकतीच्या पुढच्या कडेवर दाब वाढतो.

स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं असतानापेक्षा जास्त भरला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत बसण्या-उभं राहण्यातला फरक तितका मोठा निघाला नाही. पण दोन्हींचं एका बाबतीत एकमत आहे : पुढे वाकलं की दाब वाढतो, पाठ टेकून किंचित मागे रेललं की कमी होतो.

म्हणून काटकोनात, सैनिकासारखं ताठ बसण्याचा अट्टहास नको. तसं बसायला स्नायूंना सतत जोर लावावा लागतो आणि पाच-दहा मिनिटांत माणूस पुन्हा पोक काढतो. खुर्चीत पार मागे सरका, पाठ टेकवा, जरासं मागे रेला. कंबर आणि खुर्चीची पाठ यांमध्ये पोकळी राहत असेल तर उन्हाळ्यात डोक्याला बांधायचा दुपट्टा गुंडाळी करून तिथे ठेवा. तेवढ्यानं कमरेचा बाक सांभाळला जातो.

३. टेप घ्या आणि मोजा

आपल्याकडे कार्यालयाचं टेबल बहुधा ३० इंच उंच असतं आणि खुर्ची प्लास्टिकची, बैठक सुमारे १७ इंचांवर. ही मापं कुणाच्या अंगाला बेतलेली नसतात. पाच फूट उंचीची एक परिचालक डोळ्यांसमोर आणू आणि हिशेब मांडू.

कोपर : ती खुर्चीत बसून हात सैल सोडते आणि कोपरात वाकवते. तिचं कोपर बैठकीपासून ९ इंचांवर येतं, म्हणजे जमिनीपासून १७ + ९ = २६ इंच. टेबल ३० इंचांवर. कळफलक गाठायला तिला दोन्ही खांदे ४ इंच उचलून धरावे लागतात, तेही दिवसभर. खांदे भरून येण्याचं कारण इथेच सापडलं.

उपाय : टेबल कापता येत नाही, म्हणून बैठक ४ इंच उचलायची. जुनी गोधडी घट्ट घडी करून ठेवली तरी चालेल. मात्र बसून दबल्यावर ४ इंच उरली पाहिजे आणि घसरू नये म्हणून खुर्चीला बांधली पाहिजे.

पाय : आता बैठक २१ इंचांवर गेली. चपलेसकट तिच्या गुडघ्यामागची खाच जमिनीपासून १६ इंचांवर आहे. पाय ५ इंच लोंबकळतील, मांडीच्या खालच्या बाजूला खुर्चीची कड रुतेल आणि पायाला मुंग्या येतील. साध्या विटेची रुंदी साधारण साडेचार इंच असते. दोन विटा त्या कडेवर ठेवून वर अर्ध्या इंचाची फळी टाकली की ५ इंच भरले.

डोळे : तिचे डोळे बैठकीपासून २७ इंचांवर आहेत, म्हणजे जमिनीपासून ४८ आणि टेबलापासून १८ इंच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. मॉनिटरची वरची कड टेबलापासून १५ इंचांवर असेल तर खाली बल्लारपूरच्या कागदाचं एक न फोडलेलं रिम ठेवा. ५०० पानांच्या रिमची जाडी साधारण २ इंच भरते. कड १७ इंचांवर आली, काम झालं.

अंतर : पाठ टेकलेली ठेवून हात पुढे करा. बोटांची टोकं पडद्याला जेमतेम लागली पाहिजेत.

तुमची मापं वेगळी निघतील, पण क्रम हाच ठेवा : आधी कोपर, मग पाय, शेवटी डोळे. एकच खुर्ची दोघं वापरत असतील तर दुसऱ्यानं बसताना विटा आणि रिम पुन्हा जुळवायचं.

आणखी एक गोष्ट. अर्ज पाहून टंकणारी माणसं कागद डावीकडे सपाट ठेवतात. मान दर ओळीला खाली डावीकडे आणि पुन्हा वर समोर फिरते. शाळेतलं परीक्षेचं पॅड मॉनिटरच्या पायथ्याशी तिरकं टेकवून त्याला अर्ज लावला, तर मानेऐवजी नुसती नजर हलते.

४. डोक्याचं वजन आणि लॅपटॉपची अडचण

माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं असतं. पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर सरळ असेल तर बाई मैलभर चालून येते. तोच गुंड हात लांब करून पुढे धरायला सांगितला तर दोन मिनिटांत हात थरथरतील. गुंड तोच, फक्त अंगापासून लांब गेला. मान पुढे झुकली की डोक्याचंही हेच होतं. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर मांडलेल्या हिशेबाप्रमाणे मान १५ अंश झुकली की मानेवरचा भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७ किलो.

लॅपटॉपची अडचण इथे कळते. त्याचा पडदा आणि कळफलक जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात अधांतरी, कळफलक कोपरापाशी ठेवावा तर मान खाली. रोज दोन-तीन तासांहून जास्त काम असेल तर वेगळा कळफलक आणि माउस घ्या, आणि लॅपटॉप डब्यावर किंवा पुस्तकांवर चढवा.

एटापल्ली-भामरागडकडे नेटवर्क मिळेल तिथे बसावं लागतं : ओट्यावर, पारावर, कधी जमिनीवर. मांडी घालून बसण्यात वाईट काही नाही. आपल्या सांध्यांना त्याची सवय आहे. फक्त लॅपटॉप जमिनीवर ठेवू नका, पाट किंवा पेटीवर ठेवा. भिंतीला पाठ लावा आणि अधूनमधून मांडी बदला. मोबाइलवर माहिती भरणाऱ्या आशाताईंनी किंवा वनरक्षकांनी एक कोपर पोटाशी टेकवून फोन छातीपर्यंत वर घेतला तरी मानेचा बराच भार उतरतो.

५. डोळे आणि कूलरचा झोत

पापणी लवली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर नव्यानं पसरतो. एरवी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लववतो. पडद्याकडे टक लावल्यावर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. थर मध्येच सुकतो आणि डोळे चुरचुरतात, लाल होतात, कधी उलट पाणी गाळतात.

चंद्रपुरात यात मे महिना भर घालतो. पारा ४५ अंशांपलीकडे आणि हवा कोरडी ठणठणीत. त्यात कूलर नेमका तोंडासमोर ठेवलेला असतो. वारा गार लागतो, पण डोळ्यावरचा ओलावा तो भराभर उडवतो. कूलर बाजूला ठेवा, झोत छातीखाली किंवा आडवा जाऊ द्या.

दुसरा त्रास जवळ पाहण्याचा. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातल्या भिंगाचा आकार एक बारीक स्नायू आकसून बदलतो. दूर पाहिलं की तो स्नायू सैल पडतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ एक सोपा नियम सांगतात : दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद पाहा. खिडकीतून दिसणारं मोहाचं झाड किंवा रस्त्यापलीकडची पानटपरी चालेल. त्या २० सेकंदांत पापण्या मुद्दाम पूर्ण मिटून उघडा.

पडदा खिडकीसमोर किंवा खिडकीला पाठ करून ठेवू नका. पहिल्या मांडणीत उजेड पडद्यावर चमकतो, दुसरीत तुमच्या डोळ्यांत येतो. खिडकी डावीकडे किंवा उजवीकडे असावी.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक खास सूचना. दोन भागांच्या चष्म्यात जवळचं पाहण्याचा भाग खाली असतो. त्यातून पडदा वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि मान मागे दुमडतो. अशांनी पडदा आणखी खाली घ्यावा किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचं अंतर सांगून कामापुरता वेगळा चष्मा करून घ्यावा.

६. मनगट

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस जाते. मनगट वर दुमडलेलं किंवा टेबलाच्या धारेवर दाबलेलं असेल तर त्या नसेला जागा कमी पडते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. अनेकांना हे रात्री झोपेत जाणवतं. कळफलकाचे मागचे पाय मिटून ठेवा, मनगट हाताच्या सरळ रेषेत ठेवा, माउस कळफलकाच्या लगत आणा. बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र दिवसातून शंभरदा लागत असेल, तर ते टेबलाच्या टोकाला नको, ग्राहकाच्या आणि तुमच्या हाताच्या मधोमध हवं.

७. ऊन, पंखा आणि पाणी

पंखा हवा गार करत नाही, घाम उडवून अंग गार करतो. हवाच अंगापेक्षा तापलेली असेल तर पंखा गरम झोत अंगावर फेकत राहतो. म्हणूनच ४० अंशांच्या वर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा गार करतो आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो झकास चालतो. पण त्याला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि खोलीतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. सगळी दारं-खिडक्या लावून चालवला की खोली कोंदट होते. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा त्याचा उपयोग उरत नाही. ताटी भिजवताना, पाणी भरताना प्लग काढा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि वाळवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. 'कोरडा दिवस' आठवड्याचा ठेवतात तो त्यामुळेच.

पाणी तहानेची वाट न पाहता थोडं थोडं प्या. लघवी फिकट असेल तर पाणी पुरतं आहे, गडद पिवळी असेल तर कमी पडतं आहे. अनेक कार्यालयांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून त्या सकाळपासून पाणीच टाळतात. मग डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं आणि लघवीचा जंतुसंसर्ग मागे लागतो. वापरता येईल असं स्वच्छतागृह ही संगणकावरच्या आरोग्याचीच बाब आहे.

८. घड्याळ

आता मुख्य मुद्दा. वरची सगळी मांडणी अचूक केली आणि तीन तास हललाच नाहीत, तरी अंग दुखेल. अर्ध्या तासाने एकदा उठायचं. मिनिट-दोन मिनिटं पुरतात. तासाभरानं एकदम मोठी सुटी घेण्यापेक्षा वरचेवर घेतलेली छोटी सुटी स्नायूंना जास्त उपयोगी पडते.

"रांग लागलेली असते, उठणार कधी?" हे खरं आहे. पीक विम्याची शेवटची तारीख असली, धान विक्रीची नोंदणी असली की केंद्राबाहेर सकाळपासून माणसं बसतात. पण कामातच फटी असतात. सर्व्हर अडकला की परिचालक काय करतो? पडद्यावर फिरणाऱ्या चक्राकडे मान पुढे काढून बघत राहतो. तेव्हा उठावं. ओटीपी यायला लागणारा वेळ, प्रिंटरमधून कागद निघण्याचा वेळ, वीज गेलेली असतानाचा वेळ, सगळा आपलाच आहे. प्रिंटर हाताशी न ठेवता चार पावलं लांब ठेवला की प्रत्येक दाखल्यामागे उठणं आपोआप होतं. फोन आला की उभं राहून बोला.

उठल्यावर तीन गोष्टी करा : दोन्ही खांदे कानांकडे उचलून सोडा, हात कमरेवर ठेवून अलगद मागे वाका, टाचा दहा वेळा वर-खाली करा. तिसऱ्या हालचालीनं पोटऱ्यांतलं रक्त वर ढकललं जातं, पाय जड होत नाहीत.

९. डॉक्टरकडे केव्हा, आणि खर्च कशावर

आठ-पंधरा दिवस मांडणी बदलून आणि वेळेवर उठूनही दुखणं हटत नसेल तर तपासून घ्या. काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये : पायात किंवा हातात ताकद कमी होणं, जांघेकडचा भाग बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पाठदुखीसोबत ताप येणं किंवा वजन घटणं, एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं. अशा वेळी मालीश, पट्टे किंवा दुकानातून मागून घेतलेली वेदनाशामक गोळी यांत दिवस घालवू नका; थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. एरवीही रोज वेदनाशामक खाऊन काम रेटणं पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडतं.

पैसे थोडे असतील तर क्रम असा : आधी विटा, फळी, गोधडी आणि रिम, ज्यांना जवळपास खर्च नाही. मग लॅपटॉपसाठी वेगळा कळफलक. मग खाली-वर होणारी, पाठीला आधार देणारी खुर्ची. ग्रामपंचायत असो की खासगी केंद्र, संगणक घेताना यादीत मॉनिटर, प्रिंटर, इन्व्हर्टर, ठसे घेण्याचं यंत्र सगळं असतं आणि खुर्ची मात्र सभागृहातल्या ढिगातून उचलून आणलेली असते. यंत्र चार-पाच वर्षांनी बदलतात. त्यावर बसणारी पाठ बदलून मिळत नाही. पुढच्या खरेदीच्या यादीत खुर्ची पहिल्या ओळीत लिहा, आणि ती घेताना जो तिच्यावर बसणार आहे त्याला दुकानात सोबत न्या.